हौशी बिनतारी : डोंगरावरचा सामाईक कान



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते बोनस, महागाई भत्ता किंवा संप यांपैकी कशाची तरी अपेक्षा करतात. आज यांतले काहीच नाही. आज मी माझ्या एका छंदाविषयी बोलणार आहे. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते दिवसा भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर, आणि रात्री संघटनेच्या कचेरीत ग्रंथालयाच्या पुस्तकांवर. तेव्हा भाषेत विद्वत्ता आढळली नाही, तर आपण गोड मानून घ्यावे.

प्रारंभ एका दुःखद आठवणीने करतो. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे आपल्याच पुणे जिल्ह्यातील, आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराच्या चिखलाखाली गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. एवढा अनर्थ झाला, पण तो बाहेर कळला कसा? एस.टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, तेव्हा जिथे गाव असायचे तिथे त्याला गाव दिसेना. त्याने ती बातमी बाहेर पोचवली. चाकणवरून मंचर, घोडेगाव असा तो रस्ता जातो; आपल्या कारखान्यांत त्या भागातली पुष्कळ मुले कामाला आहेत. संकट आणि मदत यांच्यामध्ये पहिली अडचण बातमीची असते, हे त्या दिवशी माझ्या मनात पक्के रुतले. तिथूनच मी या नादाला लागलो.

हौशी बिनतारी म्हणजे काय? पैशासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी आणि परस्परांशी बोलण्यासाठी स्वतःचा बिनतारी संच चालवणे. जगभर अशा माणसांना ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाच्या बिनतारी विभागाची परीक्षा द्यावी लागते. विजेचे आणि बिनतारीचे मूलतत्त्व, तसेच नियम असे तिचे विषय असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कडकट्टही यावी लागते. पहिल्या खेपेस मी मोर्समध्ये नापास झालो. लेथच्या आवाजात तीस वर्षे काढलेल्या कानांना ती बारीक टिकटिक पकडता येईना. दुसऱ्या खेपेस पास झालो. उत्तीर्ण माणसाला सरकारकडून एक संकेतनाम मिळते. ते आपल्या देशात बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते, आणि प्रत्येक संभाषणात ते सांगावेच लागते. हवेत निनावी बोलण्याची सोय नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माझ्या हातात संच पाहून आमच्या एका तरुण कार्यकर्त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला, “भाऊ, मोर्च्याच्या दिवशी आकुर्डीपासून चाकणपर्यंत आपल्या माणसांना एकेक वॉकीटॉकी दिला तर?” कल्पना उत्तम होती, पण मी नाही म्हटले. हौशी परवान्यावर धंद्याचे, पक्षाचे वा संघटनेचे काम करता येत नाही. तांत्रिक गोष्टी आणि किरकोळ खासगी बोलणे एवढीच मुभा असते. पूर, भूकंप, वादळ अशा आपत्तीत अधिकाऱ्यांचे निरोप पोचवण्याची मात्र परवानगी आहे. परवाना नसताना असा संच वापरणे हा तर गुन्हाच. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे संच बेकायदा विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या, त्या उगाच नव्हेत. त्या मुलाला मी म्हणालो, “कायदा मोडून हवा घेतलीस, तर उद्या मालकही घेईल. मग ज्याचा संच दांडगा त्याचाच आवाज.” तो काही दिवस रुसला. पुढे परीक्षेचे पुस्तक मागायला आला.

आता मुख्य विषयाकडे वळू. हातातल्या छोट्या संचाने किती दूर बोलता येते? आपण वापरतो त्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. समोर डोंगर वा मोठी इमारत आली की त्या अडतात, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे पुढे जमिनीच्या आड जातात. याचा एक सोपा हिशेब आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा, आणि त्याला सुमारे चाराने गुणा. तितके किलोमीटर तिचे क्षितिज. छातीच्या उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज पाच किलोमीटर. दोघांचे मिळून दहा, तेही उघड्या माळावर. भोसरीच्या पत्र्याच्या शेडांमध्ये दोनतीन किलोमीटरांवर आवाज खरखरू लागतो.

आम्ही दोघा परवानाधारकांनी याचा पडताळा घेतला. एक जण चाकणला उभा राहिला, मी भोसरीत. काही ऐकू येईना. मग मी तोच संच घेऊन घोरावडेश्वराच्या डोंगरावर चढलो. चाकण तिथून पक्ष्याच्या उड्डाणाने सुमारे अठरा किलोमीटर. तरी मित्र शेजारच्या खोलीतून बोलावा तसा ऐकू आला. संच तोच होता, बॅटरी तीच होती. फरक फक्त उंचीचा होता.

परंतु रोज डोंगरावर कोण चढणार? म्हणून माणसाऐवजी यंत्राला वर बसवायचे. त्या यंत्राचे नाव रिपीटर. खालून आलेला क्षीण आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी जोरदार आवाजात पुन्हा प्रक्षेपित करतो. खालच्या दोघांना एकमेकांचे काही ऐकू येत नसले तरी चालते. दोघांनाही डोंगर दिसला की झाले. सिंहगडाचेच उदाहरण घ्या. त्याचा माथा चिंचवडच्या जमिनीहून सातशे मीटरांहून अधिक उंच आहे. आपला हिशेब लावला तर त्याचे क्षितिज शंभर किलोमीटरांपलीकडे जाते, आणि चाकण तिथून पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. दूरदर्शनचा मनोरा तिथे उभारला गेला तो याच कारणाने. मात्र सिंहगडावरचा रिपीटर माळीणच्या दरीत पोचेलच असे मी म्हणणार नाही. दरीसाठी जवळचा डोंगर पाहावा लागतो. जागा निवडणे हे या कामातले पहिले शहाणपण.

दुसरी अडचण ऐकण्याची आहे. रिपीटरला एकाच वेळी ओरडायचेही असते आणि कुजबुज ऐकायचीही असते. प्रेसशॉपमध्ये उभे राहून स्वतः मोठ्याने घोषणा देत असताना दाराबाहेरच्या माणसाचे पुटपुटणे ऐकावे, तसा हा प्रकार. त्याचे प्रक्षेपण समजा २५ वॉटचे. आणि जी क्षीण लहर त्याला ऐकायची ती त्यापुढे इतकी लहान, की हे गुणोत्तर लिहायला एकावर सोळा शून्ये द्यावी लागतील. म्हणून ऐकण्याची कंपनसंख्या आणि बोलण्याची कंपनसंख्या यांत ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात, समजा १४५.००० वर ऐकणे आणि १४५.६०० वर बोलणे. एकच अँटेना दोन्ही कामांना वापरायची, तर मध्ये डुप्लेक्सर लागतो. डुप्लेक्सर म्हणजे तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पोकळ नळकांड्यांची रांग. प्रत्येकाची उंची सुमारे हातभर, आत वरखाली सरकणारी दांडी. दांडी अचूक जागी बसवली की नळकांडे एक कंपनसंख्या जाऊ देते आणि दुसरी अडवते. हे काम चांगल्या टर्नरचे आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो.

तिसरी अडचण विजेची. संकटात प्रथम वीज जाते. रिपीटर बोलत असताना सुमारे सहा अँपिअर खातो, नुसता ऐकत असताना अर्धा. दिवसातला एकचतुर्थांश वेळ तो बोलत राहिला, तर शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर यायला एक दिवस आणि थोडा वेळ लागतो. म्हणून सौर पत्रा हवा, वीज कोसळेल म्हणून भक्कम अर्थिंग हवे, आणि या सगळ्याच्या आधी सरकारची स्वतंत्र मंजुरी हवी.

आता अँटेना. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर. तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्धा मीटर. प्रत्यक्षात सुमारे ४९ सेंटिमीटरांची दांडी घेतात. ती उभी करायची, आणि तिच्या बुडाशी तितक्याच लांबीच्या चार दांड्या छत्रीच्या काड्यांसारख्या खाली झुकवून लावायच्या. त्या चार दांड्या म्हणजे तिची कृत्रिम जमीन. भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळीतून ही अँटेना एका रविवारी होते.

अँटेनाइतकीच केबल महत्त्वाची. आर. जी. ५८ नावाची बारीक केबल स्वस्त म्हणून तीस मीटर ओढली, तर दहा वॉटांतले जेमतेम अडीच वॉट वर पोचतात. आर. जी. २१३ ही जाड केबल घेतली तर निम्म्याहून अधिक पोचतात. गच्चीपर्यंत पाणी चढवताना गळकी नळी वापरून मोठा पंप घेणारा माणूस आपण शहाणा मानत नाही. इथेही न्याय तोच. मी स्वतः एकदा याहून मोठी चूक केली. प्लग जोडताना जाळीचा एक केसाएवढा तंतू आतल्या तारेला चिकटून राहिला. मी न तपासता बटण दाबले आणि संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर जाळून बसलो. तेव्हापासून बटणाआधी मीटर, हा माझा नियम आहे.

वाहनावर अँटेना बसवायची तर गाडीचा पत्राच तिची जमीन होतो. म्हणून सर्वांत उत्तम जागा टपाच्या मध्यभागी. तिथून चारी दिशांना सारखा आवाज जातो. डिकीच्या कडेला बसवली तर एका बाजूला अधिक, दुसरीला कमी. भोक पाडायचे नसेल तर चुंबकाची बैठक मिळते. मात्र चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि आपल्या रिक्षाच्या ताडपत्रीच्या टपाला तर जमीनच नाही. तिथे, तसेच मोटारसायकलवर, जमिनीवाचून चालणारी अर्ध्या लहरीची लांब दांडी घ्यावी. संचाची वीज थेट बॅटरीवरून, दोन्ही तारांत फ्यूज घालून घ्यावी. आणि गाडी चालवताना गप्पा मारू नयेत. रस्त्यावरचा जीव छंदापेक्षा मोठा आहे.

इतके सगळे जमले तरी रिपीटर निरुपयोगी ठरू शकतो, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. त्यावर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही वाया जाते. म्हणून बोलून झाल्यावर क्षणभर थांबायचे, कारण त्या क्षणात कोणी संकटात असलेला माणूस शिरू शकतो. गेट-मीटिंग मी शेकडो घेतल्या आहेत. ज्या सभेत प्रत्येक जण बोलतो आणि कोणी ऐकत नाही, ती सभा मालकाला फार आवडते. रिपीटर सामाईक विहिरीसारखा आहे. वर्गणी वेळेवर आली नाही, पावसाळ्याआधी बॅटरी बघायला कोणी डोंगर चढला नाही, तर ऐन गरजेच्या दिवशी ती विहीर कोरडी निघते.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी समजू नये. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद ही हॅम महिला आपल्या सोबत्यांसह छंदासाठी पोर्ट ब्लेअरला गेली होती. अंदमानातून निरोप बाहेर पोचवण्याच्या कामी तेच संच आले. मे २००५ मध्ये इस्रोने हॅमसॅट नावाचा उपग्रह सोडला. तो हौशींसाठी आकाशातला रिपीटरच होता, आणि त्यातला एक संच भारतीय, तर दुसरा एका डच विद्यार्थ्याने केलेला होता. आपल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी केलेला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. वजन एक किलोच्याही आत, आणि काम हौशींचे निरोप घेऊन पुढे पोचवण्याचे.

जी मुले पुण्यातून आकाशात निरोप्या पाठवतात, त्यांच्या शेजारच्या आपल्या पट्ट्यात टर्नर आहेत, फिटर आहेत, वायरमन आहेत, वाहने तर घरोघरी आहेत. कारखान्यात आपला कामगार आयुष्यभर एकाच पुर्जाचे एकच भोक पाडतो. पुरी वस्तू त्याच्या हातून क्वचितच होते. या छंदात दांडी तो कापतो, केबल तो जोडतो, आणि पलीकडून उत्तर आले की ते त्याच्या हातच्या कामाला आलेले उत्तर असते. हा आनंद मी अनुभवला आहे, आणि तो पगारवाढीच्या करारात लिहून मिळत नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच : प्रत्येक प्रभागातून दोनचार जणांनी तरी ही परीक्षा द्यावी, एकत्र येऊन रीतसर मंडळ काढावे, आणि डोंगरावरचा तो सामाईक कान जागा ठेवावा. पुढल्या वेळी कुठला एस.टी.चा चालक गाव दिसेना म्हणून थबकला, तर बातमीसाठी त्याला गाडी मागे वळवावी लागू नये.