पुस्तकासोबत आज्ञावलीही

गणिती प्रतिमानांच्या पाठ्यपुस्तकांत साथीच्या रोगांचे प्रकरण हटकून येते, आणि त्या प्रकरणाच्या मुळाशी आपल्या मुंबईचीच एक आकृती असते. 17 डिसेंबर 1905 पासून 21 जुलै 1906 पर्यंत मुंबई बेटावर दर आठवड्यास प्लेगने किती माणसे दगावली याची नोंद सरकारी दप्तरात राहिली होती. त्या नोंदीवरून एडिंबरोचे विल्यम कर्मॅक, जे प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावून बसले होते, आणि अँडरसन मॅक्केंड्रिक, ज्यांनी हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत बरीच वर्षे काढली होती, या दोघांनी 1927 साली असे दाखविले की, निरोगी, आजारी आणि साथीच्या चक्रातून बाहेर पडलेले असे लोकांचे तीन वर्ग कल्पून अवकल समीकरणे मांडली, तर मृत्यूंचा चढ-उतार एका वक्ररेषेत बसविता येतो. त्या रेषेच्या सूत्रात 890, 0.2 आणि 3.4 असे तीनच आकडे आहेत. पहिला कळसाची उंची सांगतो, दुसरा चढ-उताराचा वेग. आणि तिसऱ्यास दुसऱ्याने भागले की 17 येतात, म्हणजे साथीचा कळस सतराव्या आठवड्यात, 1906 च्या एप्रिलच्या मध्यास, पडतो.

सुरतेजवळच्या कडोदऱ्यासारख्या गावी, जेथे मुंबई-अहमदाबाद महामार्गास सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता छेदतो आणि जेथील रंगाई-छपाईच्या गिरण्यांच्या आधाराने बाहेरून आलेली अनेक कुटुंबे नांदतात, तेथील एखाद्या खानदेशी घरातील विद्यार्थ्यास हे प्रकरण परके वाटण्याचे कारण नाही. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या वार्तेने सुरत शहर लाखो लोकांनी सोडले, ही हकिकत या परिसरात अजून विस्मृत झालेली नाही. परंतु तो विद्यार्थी पुस्तक उघडतो तेव्हा त्यास काय मिळते? समीकरणे मिळतात, छापील आकृती मिळते, आणि खाली 'संगणकाच्या साहाय्याने' एवढे दोन शब्द मिळतात. ती आकृती कोणत्या आकड्यांवरून, कोणत्या रीतीने, काळाचे किती बारीक तुकडे करून काढली, याचा तपशील ग्रंथकाराच्या संगणकातच राहतो.

हा तपशील गौण नाही. कर्मॅक आणि मॅक्केंड्रिक यांनी आपले सुटसुटीत सूत्र एका स्थूल गृहीतकाच्या आधारे मिळविले होते, कारण मूळ समीकरणे हाताने पूर्ण सुटत नव्हती. आज तीच समीकरणे संगणक क्षणार्धात सोडवितो, आणि त्यासाठी लिहिलेली आज्ञावली हाती असेल तर सूत्र व पूर्ण उत्तर यांतील अंतर कोणासही मोजता येते. शिवाय मुंबईचा प्लेग ऋतूनुसार वाढे व ओसरे, कारण तो उंदरांच्या पिसवांमार्फत पसरत असे. ऋतूचा हा परिणाम वगळून आकडे बसविले, तर रेषा जुळते पण आकड्यांचा अर्थ विश्वसनीय राहत नाही, हे निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने 2012 साली साधार मांडले. म्हणजे पंच्याऐंशी वर्षे पुस्तकांतून शोभणारी आकृतीही पुनर्गणनेस पात्र होती. अशी पुनर्गणना विद्यार्थ्यास बसल्या जागी करता यावी, यासाठीच पुस्तकासोबत आज्ञावली खुली करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कामी अनुकरणीय उदाहरण मुंबईतच घडले आहे. केंद्र सरकारने 2009 साली सुरू केलेल्या माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून पवईच्या आयआयटीत 'फॉसी' हा उपक्रम उभा राहिला, आणि प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांच्या पुढाकाराने त्यात पाठ्यपुस्तकांच्या सोबत्यांची योजना निघाली. तजवीज अशी होती की, विद्यार्थ्याने वा अध्यापकाने अभियांत्रिकीचे एखादे मान्य पुस्तक निवडावे, त्यातील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या फ्रान्समध्ये जन्मलेल्या विनामूल्य प्रणालीत लिहून काढावी, जाणकारांनी ती तपासावी, आणि काम पुरे झाल्यावर मोबदला व प्रमाणपत्र मिळावे. पुढे पायथन या संगणकभाषेतही असेच सोबती तयार झाले. पुस्तकातील मजकूर जसाच्या तसा उतरवीत नाहीत, केवळ आज्ञावली देतात. त्यामुळे प्रकाशकाचा हक्क अबाधित राहतो आणि पुस्तकाची गरजही संपत नाही. योजनेचे आणखी एक मोल मला वाटते: प्रत्येक उत्तराची छापील उत्तराशी रुजवात घालताना मूळ ग्रंथातील चुकाही उघडकीस येतात, आणि त्या तेथे नमूद होतात. महागड्या प्रणालीचा परवाना विकत घेण्याची ऐपत नसलेल्या महाविद्यालयांना, मग ती सुरतेकडील असोत वा नंदुरबारकडील, हा फार मोठा आधार आहे.

मात्र आज्ञावली जालावर ठेवली म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. संगणकाची आज्ञावली ही भारतीय कॉपीराइट कायद्याने वाङ्मयीन कृतींतच गणली जाते. तेव्हा ग्रंथकाराने लेखी परवाना जोडला नाही, तर ती सर्वांस दिसते, पण तिचा फेरवापर करण्याचा अधिकार कोणासही मिळत नाही. दुसरी बाब आवृत्तीची. पायथनच्या दुसऱ्या पिढीत एकास दोनाने भागले असता उत्तर शून्य येई, तिसऱ्या पिढीत अर्धा येतो. जुन्या पिढीचा अधिकृत सांभाळ 2020 च्या आरंभी थांबला, आणि कोणत्या पिढीसाठी लिहिले हे ज्यांनी नोंदविले नव्हते, त्यांच्या वाचकांपुढे चुकीची उत्तरे निमूटपणे येऊ लागली. तिसरी बाब मूळ आकड्यांची: दर आठवड्याच्या मृत्यूंचा तक्ता सोबत नसेल, तर सर्वोत्तम आज्ञावलीही निरुपयोगी होय.

मराठीत वा इंग्रजीत गणिती प्रतिमानांवर पुस्तक सिद्ध करणाऱ्या आपल्याकडील प्राध्यापकांस माझी विनंती आहे की, हस्तलिखित मुद्रकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी प्रत्येक आकृतीमागील आज्ञावली, तिचे आकडे, आवृत्ती आणि परवाना यांचा संच तयार करावा, तो आपल्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्या संगणकावर चालवून घ्यावा, आणि तो कोठे मिळेल हे प्रस्तावनेतच छापावे.