गोठत्या थंडीत काठावरून बास: गळ कुठे टाकायचा आणि आपण कुठे उभं राहायचं

गेल्या दोन महिन्यांत निदान दहा जणांनी मेसेज करून एकच प्रश्न विचारला, "अरे, एवढ्या थंडीत तू त्या तळ्याच्या काठावर करतोस तरी काय?" फोटोत मी असतो, कानटोपी असते, लाल झालेलं नाक असतं. मासा बहुतेक फोटोंत नसतो. तर आजचा भाग त्यावर. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप, मधले माझे शंभर "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" काढून टाकलेत.

आधी थोडी ओळख. मी मूळचा चिपळूणचा. माझे आजोबा वाशिष्ठीवर गरवायला जायचे. दोरी, गरी आणि आमिषाला कोलंबी, बस. मी सोबत जायचो ते मुख्यतः चिखलात खेळायला. पुढे बीटेक, नोकरी, आणि आता चार वर्षं नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीमध्ये. इथे गाडीने साधारण अर्ध्या तासावर जॉर्डन लेक आहे. धरणाचा जलाशय, सुमारे 14 हजार एकर पसरलेला. बोट घ्यायची माझी ऐपत नाही आणि अपार्टमेंटमध्ये ती ठेवणार कुठे? म्हणून काठ. उन्हाळ्यात त्याच काठावर पोहणारे, ग्रिल लावणारे, जेट-स्कीवाले. जानेवारीत मात्र मी, थर्मास आणि कधीतरी वर घिरट्या घालणारा बॉल्ड ईगल.

लार्जमाउथ बास म्हणजे मोठ्या तोंडाचा बास. रायगडातली मंडळी लगेच विचारतात, आपला जिताडाच ना? जिताड्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात म्हणून हा घोटाळा होतो. नातं काही नाही. लार्जमाउथ हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा, सनफिशच्या कुळातला. दबा धरून बसतो, भक्ष्य जवळ आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो.

आता थंडीत होतं काय, तर बास थंड रक्ताचा. पाणी जेवढं गार, तेवढाच तो गार. शाळेत शिकलेला ढोबळ नियम असा की, तापमान 10 अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्मा किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. उन्हाळ्यात 25 अंश सेल्सियस पाण्यात असलेला मासा जानेवारीत 5 अंशांत आला, म्हणजे 20 अंश खाली. हिशेब करा, पाव भाग किंवा त्याहून कमी. लॅपटॉप लो-पॉवर मोडमध्ये गेल्यासारखं. बंद नाही, पण प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. उन्हाळ्यात जे पोटात लवकर पचतं ते पचायला आता कितीतरी जास्त वेळ. त्यामुळे भूक कमी आणि पाठलाग करायची तयारी त्याहून कमी. खात मात्र असतो. "हिवाळ्यात बास लागत नाही" असं म्हणणारे लोक उन्हाळ्याच्या वेगाने गळ ओढत असतात, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही मला स्वतःला फार आवडते. पाणी सगळ्यात जड असतं 4 अंश सेल्सियसला. वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली जातं, खालचं वर येतं, असं करत करत सगळा जलाशय जवळजवळ एकाच तापमानाला येतो. त्याच्याही खाली गेलं की पाणी उलट हलकं होतं आणि वर तरंगतं, म्हणून बर्फ वर धरतो आणि तळ द्रवच राहतो. आमच्याकडे मोठा तलाव सहसा गोठत नाही, पण अपार्टमेंटमागच्या तळ्यावर सकाळी पापुद्रा असतो. याचा अर्थ मासेमारीत काय? तर खोल पाणी "गरम" असतं हा समज अर्धवट आहे. अंशा-दीड अंशाचा फरक असतो. खोल पाण्याचा खरा फायदा हा की ते स्थिर असतं. रात्री हवा उणे 6 झाली तरी तिथे फारसं काही बदलत नाही.

आणि इथेच काठावरच्या माणसाला संधी आहे. सुस्त माशाला लांबचा प्रवास परवडत नाही. सपाट, उथळ काठापाशी तो राहिला तर खोल पाण्यात जायला त्याला शंभर मीटर पोहावं लागेल. पण जिथे काठ एकदम उतरतो, पुलाच्या भरावाजवळ, धरणाच्या दगडांवर, जुन्या नदीचं पात्र जिथे वळून किनाऱ्याला चिकटतं तिथे, त्याला नुसतं दोन-तीन मीटर वरखाली व्हायचं असतं. म्हणजे मासा तुमच्या गळाच्या टप्प्यात आहे. मला पहिल्या हिवाळ्यात हे कळलं नव्हतं. मी जमेल तेवढं लांब, तलावाच्या मध्याकडे फेकायचो, जणू मासे सगळे पलीकडच्या काठावर जमलेत. पलीकडच्या काठावरचा माणूस अर्थात माझ्या दिशेने फेकत असणार.

जागा निवडताना मी ऊन बघतो. इथे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली असतो, म्हणून तलावाच्या उत्तरेकडच्या काठावर ऊन जास्त वेळ पडतं, आणि उत्तरेचा वारा मागच्या झाडांनी अडतो. दगडांचा भराव असेल तर दगड तापतात, लगतचं पाणी किंचित उबदार होतं. किंचितच, पण छोटे मासे तिकडे सरकतात आणि त्यांच्यामागे बास. सकाळी पाचला उठायची गरज नाही, हे हिवाळ्याचं सगळ्यात मोठं सुख. दुपारी एक ते चार. आणि एखादा उबदार दिवस आला म्हणून पळू नका. सलग तिसरा उबदार दिवस पकडा. कडाक्याची थंडी येऊन गेल्यावरचा पहिला, निळ्या आकाशाचा, सुंदर दिसणारा दिवस घरी बसून डाळखिचडी खायचा.

आता आमिष. माझ्या पिशवीत हिवाळ्यात तीनच गोष्टी असतात. पहिली जिग, 10 ग्रॅमच्या आसपास वजनाची, काळी-निळी किंवा तपकिरी, तळावरून सरकवायची. दुसरी नेड रिग, म्हणजे मश्रूमच्या आकाराच्या लहान वजनाला लावलेला बोटभर प्लॅस्टिकचा तुकडा, जो पाहून वाटतं याला कोण फसणार, आणि सगळ्यात जास्त तोच फसवतो. तिसरी सस्पेंडिंग जर्कबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं आमिष, जे थांबवलं की बुडतही नाही आणि वरही येत नाही. मधल्यामध्ये तसंच लटकून राहतं. याच्यामागे कारण आहे. इथल्या तलावांत थ्रेडफिन शॅड नावाचा छोटा मासा असतो, त्याला थंडी सोसत नाही. पाणी 5-6 अंशांच्या आसपास आलं की तो गारठतो, तिरका होतो, मरतो. लटकलेलं, मधूनच एकदा थरथरलेलं जर्कबेट नेमकं त्याचं सोंग घेतं. फुकटचं जेवण. दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. किती? मी आधी तीन सेकंद थांबायचो आणि मला ते खूप वाटायचं. आता मोबाइलकडे न बघता मनात पंधरा मोजतो, कधी पंचवीस. टाइमआउट वाढवा, मंडळी. सर्व्हर जिवंत आहे, फक्त स्लो आहे.

काठावरून जिग ओढताना एक अडचण येते, जी बोटवाल्यांना कळत नाही. आपण चढावर ओढतो, खोलातून वर, त्यामुळे ती प्रत्येक दगडात अडकते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी जॉर्डन लेकला बरंच शिसं अर्पण केलं. उपाय सोपा आहे. सरळ समोर न फेकता काठाला समांतर किंवा तिरकं फेका. आमिष एकाच खोलीवर जास्त वेळ राहतं, आणि मासाही तिथेच असतो.

आणि चावा उन्हाळ्यासारखा "टक्" असा नसतो. दोरीला ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं, किंवा दोरी नुसती बाजूला सरकते. शंका आली की काठी उचला.

दोरीबद्दल थोडक्यात सांगतो. साधी नायलॉन मोनो थंडीत कडक होऊन स्प्रिंगसारखी सुटते. विणलेली ब्रेड पाणी धरते आणि गोठते. मी 8 पौंडी फ्लुओरोकार्बन वापरतो. काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरला की काठीचं टोक पाण्यात बुडवा, पाणी बर्फापेक्षा गरमच असतं. कड्यांना ओठांचा बाम चोळला तर थोडा वेळ बर्फ धरत नाही. आईने चिपळूणहून पाठवलेलं खोबरेल मी एकदा लावून पाहिलं. ते घरातच गोठलेलं होतं, तिथे काय टिकणार.

आता जे सांगायचं मी टाळत होतो ते.

मागच्या जानेवारीत, एका शनिवारी, मी तलावाच्या दगडी भरावावर एकटाच होतो. हवा उणे 3. लाटांचे शिंतोडे सावलीतल्या दगडांवर गोठून काचेसारखा थर झाला होता. जिग अडकली, ती सोडवायला मी दोन दगड खाली उतरलो, आणि पाय गेला. छातीपर्यंत पाण्यात.

सगळ्यात आधी थंडी जाणवत नाही, श्वास जातो. आपोआप एक मोठा श्वास आत ओढला जातो, मग धापा, आपल्या हातात काही नसतं. माझं तोंड तेव्हा पाण्याच्या वर होतं, हे नशीब. इथे बोटिंगच्या सुरक्षेत "एक-दहा-एक" शिकवतात, मी ते नंतर वाचलं. पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायचं. त्यापुढे साधारण 10 मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जातो असं आपण समजतो, पण बरेच जण त्याच्या कितीतरी आधी बुडतात, कारण हात चालत नाहीत.

मी शेवाळलेल्या दगडांवरून दोनदा घसरून तिसऱ्यांदा वर आलो. गाडी दोनेकशे मीटरवर होती. तिथे पोहोचल्यावर जॅकेटची चेन उघडेना. किल्ली आतल्या खिशात, आणि बोटं लाकडाची. मोबाइल ओल्या बोटांना दाद देईना. शेवटी दातांनी चेन ओढली. कॉटनची जीन्स घातली होती, ती पाणी धरून ओल्या गोणपाटासारखी झाली होती. ती काढून, हीटर लावून चाळीस मिनिटं गाडीत बसलो, थरथरत. कुठे गेलोय हे कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला, "आवाज का असा येतोय?" मी म्हटलं, सर्दी आहे. काठी काठावरच राहिली होती. पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा नव्हती.

त्यानंतर काय बदललं ते सांगतो. हवेने फुगणारं लाइफ जॅकेट काठावरही घालतो, लोक हसतात, हसू देत. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या लावतो. अंगावर लोकर किंवा सिंथेटिक, कॉटन नाही. गाडीत टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड, किल्ली बाहेरच्या खिशात दोरीला. रूममेटला लोकेशन शेअर, आणि पाचपर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर असं सांगून ठेवलेलं. आणि अडकलेली जिग तोडायची. दीडशे-दोनशे रुपयांची वस्तू आहे ती.

मासा लागलाच तर हात ओले करून धरा, गोठलेल्या दगडावर ठेवू नका, फोटो पटकन. शून्याखालच्या हवेत त्याचे कल्ले आणि डोळे गोठू शकतात. मी सोडून देतो. कोकणातल्या माणसाला हे जड जातं, कबूल आहे. पण लार्जमाउथमध्ये पारा जास्त सापडतो, आणि गरोदर बायकांनी व लहान मुलांनी तो खाऊ नये असं नॉर्थ कॅरोलिनाचं आरोग्य खातंच सांगतं. आजोबांना मी फोनवर हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "मग पकडतोस कशाला?" या एका प्रश्नावर वेगळा भाग करावा लागेल. आणि हो, 16 वर्षांपुढच्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, ऑनलाइन मिळतं, ते न काढता जाऊ नका.

या मोसमात आतापर्यंत अकरा फेऱ्या, चार मासे. सगळ्यात मोठा गेल्या रविवारी, उन्हातल्या दगडांपाशी, जर्कबेटवर, विसाव्या आकड्याला. फोटो खाली टाकलाय, यात मासा आहे.

आई, तू हा भाग ऐकशीलच. ती सर्दी नव्हती. रात्री फोन करतो.