अंगठा जुळला नाही म्हणजे रेशन बंद झाले नाही

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र अंगठा ‘घेत नाही’, तेव्हा आपले नाव यादीतून गेले असे समजून माणसे रिकाम्या पिशवीने परततात. ही समजूत बरोबर नाही.

यंत्र करते ते आधार प्रमाणीकरण (समोरची व्यक्ती तीच आहे ना, याची पडताळणी). ठसा आधारच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडला जातो आणि ‘जुळला’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. धान्याचा हक्क ठरतो शिधापत्रिकेवरून. बँकेत पैसे काढताना सही नमुन्याशी जुळली नाही, म्हणून खात्यातले पैसे नाहीसे होत नाहीत, तसेच हे.

वीटभट्टीवर आणि शेतात राबणाऱ्या कातकरी, ठाकर स्त्री-पुरुषांची बोटे झिजतात. वयानेही ठसे पुसट होतात. यात त्यांचा काय दोष? केंद्र सरकारच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रानुसार ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही, या कारणाने धान्य नाकारता येत नाही. आधार कार्ड व शिधापत्रिका पाहून, वेगळ्या नोंदवहीत लिहून ते द्यायचे असते. आधी दुसरे बोट लावून पाहा. तरीही नकार मिळाला, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.