चाहत्यांचे लेखन आणि चाहत्यांचे संमेलन



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांविषयी बोलणार, असे आपण धरून चालतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या फाटकांवर मी तीस वर्षे त्याच विषयांवर बोलत आलो आहे. आज मात्र विषय निराळा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्या परंपरेतल्या व्याख्यानांनी माझ्यासारख्या कितीतरी अल्पशिक्षितांना शाळेबाहेर शिकवले. माझी शाळा दहावीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि अशा मांडवात. अलीकडे मला एक धडा भाचीकडून मिळाला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

माझी ही भाची वसाहतीतल्या एका कारखान्यात माल बांधणीच्या खात्यात काम करते. एके दिवशी तिची एक वही माझ्या हाती पडली. तिने गोष्ट लिहिली होती आणि गोष्टीचा नायक होता फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी वाचला असेल. भाचीच्या गोष्टीत तो पन्नाशीला आला होता, गुडघे धरू लागले होते आणि तो चिंचणीच्या किनाऱ्यावर उतरून एका कामगाराच्या बेपत्ता मुलाचा शोध घेत होता. गोष्ट वाईट नव्हती. पण मी म्हणालो, "अगं, नायक दुसऱ्याचा, त्याची सायकलसुद्धा दुसऱ्याची. हा चोरीचा माल झाला. काहीतरी स्वतःचे लिही." ती काही बोलली नाही. तिने वही उचलली, आणि त्यानंतर वर्षभर तिने एक ओळही लिहिली नाही, हे मला फार उशिरा कळले.

आता ह्या लेखनाचा प्रकार काय, ते आधी स्पष्ट करतो. इंग्रजीत त्याला फॅन फिक्शन म्हणतात; आपण चाहत्यांचे लेखन म्हणू. एखाद्या लेखकाने निर्माण केलेली पात्रे वाचकाला इतकी आपली वाटू लागतात, की पुस्तक संपले तरी ती त्याच्या मनात चालत-बोलत राहतात. मूळ लेखकाने जे सांगितले नाही ते हा वाचक स्वतः लिहू लागतो. खलनायकाचे बालपण कसे होते? नायकाची बहीण पुढे कोठे गेली? शेवट तसा न होता असा झाला असता तर? असे लिहिणारे जेव्हा एकमेकांना शोधून काढतात, लेखन वाचून दाखवतात, चर्चा करतात, तेव्हा त्यांचे संमेलन भरते.

हे खूळ परदेशी आहे असे कोणी म्हणेल. वस्तुतः नाव तेवढे परदेशी आहे. एकनाथ महाराजांचे भावार्थ रामायण युद्धकांडात अपुरे राहिले, आणि ते त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरे केले, असे परंपरा सांगते. मोरोपंतांच्या नावावर १०८ रामायणे सांगतात; त्यांतले निरोष्ठ रामायण तर ओठाला ओठ न लावता म्हणता येते. कथा वाल्मीकीची, पात्रे वाल्मीकीची. मग मोरोपंतांना आपण चोर म्हणतो काय? आपल्याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटे चढवून देव-दानव नाचतात. त्या सोंगांतही जुन्याच कथा गावाच्या अंगाने पुन्हा उभ्या राहतात.

याहून मोठा दाखला जात्याचा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ह्या दोघांनी पुण्यात राहून, गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम केले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि पुढे 'पारी' ह्या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या. त्यांतल्या सीतेच्या ओव्या पाहाव्यात. पोथीत सीता महाराणी आहे. जात्यावर ती सासुरवाशीण होते. कैकेयी तिची सासू होऊन तिला छळते, आणि वनात बाळंत होणाऱ्या सीतेजवळ मायेचे माणूस कोण, ह्याची काळजी दळणाऱ्या बाईला लागते. पोथीकाराने जे विचारले नाही ते तिने विचारले, कारण तिला ते ठाऊक होते. चाहत्यांच्या लेखनाचे सारे मर्म ह्यात आले. आजही जगभर असे लिहिणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे, ह्याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

आता संमेलनाकडे वळू. एकट्याने लिहिणारी ही माणसे एकत्र कशी आली, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. कॉनन डॉइल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला एका गोष्टीत मारले. वाचक इतके हळहळले, की अखेर लेखकाला तो परत आणावा लागला. १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये होम्सच्या चाहत्यांचे मंडळ निघाले. ३ जानेवारी १९३७ रोजी इंग्लंडात लीड्स येथे विज्ञानकथांचे जेमतेम वीस चाहते जमले. पुष्कळ लोक त्यालाच अशा संमेलनांतले पहिले मानतात. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांचे पहिले जागतिक संमेलन भरले. तेथे डाव्या विचारांच्या गटातल्या सहा जणांना, ते पत्रके वाटून गोंधळ घालतील ह्या भयाने, आत येऊ दिले नाही. फाटकावर अडवले जाण्याचा अनुभव मला असल्यामुळे त्या सहा जणांविषयी मला विशेष आपुलकी वाटते!

पुढे १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका आली. १९६७ साली तिच्या चाहत्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले आणि त्यात त्या पात्रांवरच्या आपल्या कथा छापल्या. मालिका बंद पडणार असे दिसताच प्रेक्षकांनी पत्रांची मोहीम चालवली आणि तिसरे वर्ष पदरात पाडून घेतले. १९६९ साली मालिका संपली. चाहते संपले नाहीत. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांचे संमेलन भरले, तेव्हा चालकांनी काहीशे माणसे धरली होती. आली तीन हजारांहून अधिक. जपानात २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकिओत चित्रकथांच्या चाहत्यांनी आपापल्या छापलेल्या पुस्तिकांचा बाजार भरवला. ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे, एवढाच तो पसारा; त्यांत बहुतेक मुली होत्या. तोच बाजार पुढे इतका वाढला, की काही दिवसांच्या एका मेळ्याला पाच लाखांवर माणसे लोटू लागली.

हे सारे मी नंतर वाचले. आधी घडले ते असे. भाचीला मुंबईतल्या एका लहानशा मेळाव्याचे बोलावणे आले. तिची आई एकटीला सोडीना, म्हणून ती माझ्याकडे आली. "मामा, तुम्ही याल का सोबत? तुम्हाला कंटाळा येईल, पण दुसरे कोणी नाही." आम्ही चिंचणीहून एस.टी.ने वाणगाव गाठले आणि लोकल धरली. उपनगरातल्या एका वाचनालयाची वरची खोली, सतरंजी, तीस-पस्तीस माणसे आणि कोपऱ्यात चहाची किटली. युनियनची पहिली बैठक भरते तसेच सगळे. प्रत्येकाने छातीवर टोपणनावाची चिठ्ठी लावली होती. माझ्या छातीवर भाचीने 'मामा' अशी चिठ्ठी लावली.

तेथे जे पाहिले ते विसरणार नाही. एका तरुणीने भाचीची चिठ्ठी वाचली आणि ती ओरडली, "म्हाताऱ्या फेण्याची गोष्ट तुझी? मी तीन वेळा वाचली. पुढचा भाग कुठे आहे?" भाचीने माझ्याकडे पाहिले नाही. ती एवढेच म्हणाली, "थोडे दिवस थांबले होते." मी खाली मान घातली. संप मोडला तेव्हाही मला इतके ओशाळे वाटले नव्हते.

मग प्रत्येकाने थोडे थोडे वाचले. सारेच चांगले होते असे नाही. काही लेखन कच्चे होते, काही नुसते गोड होते. पण ऐकणारे नेमके बोलत. "हे पात्र असे वागणार नाही," असा आक्षेप निघाला की लिहिणाऱ्याला मूळ पुस्तकातला आधार द्यावा लागे. इतके बारकाईने वाचणारे वाचक किती लेखकांना लाभतात? साठीच्या पुढच्या एक बाई भेटल्या. चाळीसेक गोष्टी त्यांनी लिहिल्या होत्या आणि घरात कोणालाही ठाऊक नव्हते. त्या म्हणाल्या, "मला वाटायचे, असे वेड मला एकटीलाच आहे." श्रोतेहो, हे वाक्य मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. कापलेला पगार, न मिळालेली रजा, अपमान, हे आपल्या एकट्याच्याच वाट्याला आले असे प्रत्येक कामगाराला वाटत असते. दहा जण एका खोलीत बसले की तो समज गळून पडतो. संमेलनाचे पहिले काम हेच.

आता हक्काचा प्रश्न. तो मी टाळणार नाही, कारण श्रम करणाऱ्याच्या हक्कासाठीच माझे आयुष्य गेले. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. भागवत २००१ साली वारले. म्हणजे फास्टर फेणे २०६१ च्या अखेरीपर्यंत हक्काखाली आहे. त्याच्यावर २०१७ साली चित्रपट निघाला, त्यात तो आजच्या काळातला तरुण झाला. असे काम रीतसर परवानगीनेच करावयाचे असते. भाचीची गोष्ट छापून विकायची झाली तर तिलाही परवानगी लागेल. वाल्मीकीच्या सीतेला मात्र कोणाचा दाखला नको. चाहत्यांचे लेखन पैशासाठी नसते, ते भेट म्हणून दिले जाते, ही रीत ह्यातूनच रुजली. तिने कायद्याचा प्रश्न सुटतो असे नव्हे. मूळ लेखकाच्या भाकरीवर हात पडू नये, एवढी लाज त्यात राखलेली असते.

ह्या भेटीवर डोळा ठेवणारेही निघाले. २००७ साली अमेरिकेत एका कंपनीने चाहत्यांचे लेखन एकत्र करून त्यावर नफा कमवण्याचा घाट घातला. लिहिणार चाहते, कमावणार कंपनी! लिहिणाऱ्यांनी, त्यांत मुख्यतः स्त्रियांनी, उत्तर दिले, की आमच्या लेखनाचे कोठार आम्हीच बांधू. त्यांनी नफा न घेणारी संस्था काढली, आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर व देणग्यांवर चालणारे संग्रहालय २००९ मध्ये सर्वांना खुले केले. ती कंपनी पुढच्याच वर्षी आटोपली होती. संग्रहालयाला २०१९ साली विज्ञानकथांच्या जागतिक संमेलनात ह्यूगो पारितोषिक मिळाले. सहकाराचे इतके स्वच्छ उदाहरण मला अलीकडे दुसरे दिसलेले नाही.

आपल्या चिंचणी-तारापूरकडे घरोघर डायमेकर आहेत. लोखंडाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरणारा एक असतो, त्यावर पत्रा दाबून दागिना उठवणारा दुसरा, आणि तो अंगावर मिरवणारी तिसरीच. नक्षी कोणाची हे विसरू नये, हे खरे. पण साचा हाती आला म्हणून दागिना घडवणाऱ्याचे श्रम खोटे ठरत नाहीत. आमच्या गावच्या माणसाला हे कोणी शिकवावे लागू नये; मला मात्र शिकावे लागले.

परतीच्या गाडीत मी भाचीला म्हटले, "चुकलो मी." ती म्हणाली, "मामा, आजीच्या ओव्या तुम्हाला आठवतात का?" माझी आई पहाटे दळताना सीतेच्या ओव्या म्हणत असे. त्यांतल्या काही तिच्या स्वतःच्या होत्या, शेजारणी तसे सांगत. मी अंथरुणात पडून ऐकत असे. मी पुढे शेकडो सभांचे अहवाल लिहिले, पत्रके लिहिली, पण त्या ओव्यांतली एक लिहून ठेवावी असे कधी मनात आले नाही. ते लेखन आहे असेच मला वाटले नव्हते. आज मला एकही पुरती आठवत नाही. भाचीला मी तेच सांगितले. मग डहाणू रोडची गाडी पालघर सोडून पुढे जाईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

म्हणून वाचनालयाच्या चालकांना माझी एक विनंती आहे. महिन्यातून एक रविवार, दुपारची दोन तासांची खोली आणि एक सतरंजी द्यावी. ज्यांच्या घरी अशा वह्या आहेत त्यांनी त्या घेऊन याव्यात. ज्यांच्या घरी ओव्या आठवणारी म्हातारी आहे त्यांनी तिला रिक्षाने घेऊन यावे. रिक्षाचे भाडे युनियन देईल. पहिल्या रविवारी म्हाताऱ्या फेण्याच्या गोष्टीचा पुढचा भाग वाचला जाईल. तो आता लिहून झाला आहे.