नक्कल आणि फेरफार

डिफॉल्ट मूल्यांचे प्रकरण आज पुरे करण्याचे मी कबूल केले होते. परंतु शिरढोणहून एका विद्यार्थी वाचकाचे पत्र आले आणि त्यातील शंका इतकी मूलगामी निघाली की, तिचा परामर्श घेतल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटेना. पायथॉनमध्ये त्याने एक लिस्ट फंक्शनच्या हवाली केली व आत तिला एक नाव अपेंड केले, तर बाहेरच्या मूळ लिस्टमध्येही ते नाव हजर झाले. अंक पाठवून आत त्यात भर घातली, तर बाहेरचा अंक मात्र जसाच्या तसा राहिला. एकाच भाषेत हे दोन न्याय कसे?

न्याय एकच आहे. पायथॉन फंक्शनला नक्कल देत नाही, मूळ वस्तूच दाखवतो. अपेंड करणे म्हणजे त्याच दप्तरात नोंद करणे होय. अंक मात्र अपरिवर्तनीय असल्यामुळे बेरजेतून निराळाच अंक निपजतो आणि आतले नाव त्याला जाऊन चिकटते, बाहेरचे नाव जुन्यापाशीच राहते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1970 च्या दशकात सीएलयू भाषेच्या संदर्भात या रीतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ म्हटले. सी भाषेत अंक दिला की त्याची नक्कल जाते. मूळ बदलायचे असेल, तर पत्ता हाती द्यावा लागतो. जुन्या फोरट्रानच्या काही कंपायलरांत तर सबरूटीनला दिलेला साक्षात 2 हा स्थिरांकच आत बदलला जाई आणि पुढे प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे 2 लिहिलेला असे, तेथे तेथे भलतीच किंमत उभी राही!

शिरढोण म्हटले की वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मग्राम म्हणून मान आपोआप लवते. पण या खेपेस माझे मन त्या गावच्या, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही गावच्या, तलाठी दप्तराकडे वळले. सातबाऱ्याच्या नकलेवर आपण पेन्सिलीने काहीही लिहिले, तरी दप्तर बदलत नाही. ते बदलायचे तर गाव नमुना 6 मध्ये फेरफार नोंदवावा लागतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि जुने नाव पुसले न जाता कंसात जाऊन त्याच्यापाशी फेरफाराचा क्रमांक पडतो. महसुली इंग्रजीत फेरफाराला जो ‘म्युटेशन’ शब्द आहे, तोच संगणकशास्त्रातही आहे. परंतु फंक्शनच्या आतला फेरफार ना नोटीस देतो, ना जुन्याचा माग ठेवतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, फेरफार निषिद्ध नाही, अघोषित फेरफार निषिद्ध आहे. पास्कलमधील ‘व्हार’, एडामधील ‘इन आउट’ ही घोषणाच होय. पायथॉनमध्येही मूळ लिस्टच क्रमाने लावणारा ‘सॉर्ट’ मुद्दाम ‘नन’ परत देतो आणि नवी लिस्ट देणारा ‘सॉर्टेड’ वेगळा ठेवलेला आहे. शिरढोणच्या वाचकाने मूळ राखायचे असेल तर आत शिरताच लिस्टची नक्कल करून घ्यावी, आणि बदलायचे असेल तर फंक्शनच्या नावातच तसे जाहीर करावे.

डिफॉल्ट मूल्यांकडे पुढील आठवड्यात वळू. फंक्शनची व्याख्या होताना एकदाच तयार झालेली लिस्ट दर वेळी तीच का निघते, हे आता वाचकांना अर्धे उमगलेच असेल.