दिल्लीला विमानानं जायचं तर तिकिटाचा हिशोब



दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर असा मोठा व्यापार मेळा भरतो. त्यात सरसचं दालन असतं, आणि देशभरातल्या बचत गटांच्या बाया तिथं आपला माल मांडतात. आपल्याकडच्या गटांनाही कधी ना कधी नंबर लागतो. पण नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडं कापसाच्या वेचणीचा महिना. पंधरा दिवस प्रदर्शन, जायचे दोन दिवस, यायचे दोन दिवस. एवढे दिवस घर आणि रान सोडायचं म्हणजे कितीतरी जणी मागं सरतात. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "विमानानं गेलं तर?" आणि बाकीच्या हसतात. आम्ही म्हणतो, हसायचं नंतर, आधी हिशोब मांडू. आज तोच मांडायचा आहे. दिल्लीला जायचं नसेल, बंगळूरला लेकीच्या बाळंतपणाला जायचं असेल, तरी हिशोबाची रीत हीच.

पहिली गोष्ट समजून घ्या. एसटीचं भाडं ठरलेलं असतं. विमानाचं तसं नसतं. १९९४ साली जुना कायदा रद्द झाला आणि खाजगी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. तेव्हापासून कंपनी आपलं भाडं आपणच ठरवते. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघींनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात, आणि त्यात फसवणूक नसते. कंपनी जागांचे टप्पे पाडते. पहिल्या काही जागा कमी भावाला, त्या संपल्या की पुढच्या जरा जास्त, आणि शेवटच्या सगळ्यात महाग. भाजीबाजारात उलटं असतं, संध्याकाळी ढीग स्वस्त होतो. इथं संध्याकाळची वाट पाहणारी बाई महागात पडते.

या टप्प्यांमुळं एक गंमत होते, ती गटानं जाणाऱ्यांनी नीट ऐकावी. समजा तुम्ही सहा जणी आहात आणि स्वस्त टप्प्यात चारच जागा उरल्यात. मोबाईलवर सहा तिकिटं एकदम शोधली, तर बऱ्याचदा सहाही जागा वरच्या भावानं दिसतात. म्हणून आधी एका माणसाचं भाडं बघा, मग सहा जणींचं बघा. दर माणशी फरक दिसला तर चार आणि दोन अशी दोनदा तिकिटं काढा. विमान एकच, वेळ एकच, फक्त तिकीट क्रमांक दोन.

आता कुठून बसायचं? जालन्याहून चिकलठाण्याचं विमानतळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. शोधताना छत्रपती संभाजीनगर टाकून सापडलं नाही तर औरंगाबाद टाका. बऱ्याच ठिकाणी अजून जुनं नाव आहे. खूण म्हणजे तीन अक्षरं, आयएक्सयू. तिथून थेट विमानं मोजक्याच शहरांना जातात, आणि विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या बाईनं सांगितलेली वेळ यंदा धरू नका.

मुंबईहून दिल्लीला दिवसभर विमानं आहेत, त्यामुळं तिथलं भाडं कितीदा तरी कमी दिसतं. मोह इथंच होतो. समजा चिकलठाण्याहून दिल्ली ६,२०० रुपये दिसतंय आणि मुंबईहून ४,३००. फरक १,९००. आता वहीत लिहा: जालना ते मुंबई रेल्वे ४००, स्टेशन ते विमानतळ वाटून घेतलेली टॅक्सी ३००, दोन वेळचं खाणं २००. गेले ९००. उरले हजार. पण त्या हजारासाठी जवळजवळ एक दिवस रेल्वेत गेला, आणि विमान पहाटेचं असेल तर रात्र कुठं काढायची हा प्रश्न वेगळाच. खोली घेतली की हजार संपले. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या तारखेचे आकडे तुम्ही घाला. मुंबईचं ठरलंच, तर विमानतळ कोणता हेही बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटतात. जुन्याची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. दोन्हींत बरंच अंतर आहे, आणि चुकीच्या दारात पोचलं तर विमान थांबत नाही.

नांदेडचंही सांगून ठेवतो. छोट्या गावांना विमानानं जोडायची उडान योजना सुरू झाली तेव्हा, २७ एप्रिल २०१७ रोजी, पहिल्याच दिवशीच्या विमानांत नांदेड–हैदराबादचं विमान होतं. तासाभराच्या प्रवासाला काही जागा २,५०० रुपयांच्या आत, अशी त्या योजनेची कल्पना. पण अशा मार्गांवरची विमानं सुरू होतात तशी बंदही पडतात. परतूर-मंठ्याकडच्या बायांनी नांदेड एकदा शोधून बघावं, भरवसा मात्र दिसणाऱ्या तारखेवरच ठेवावा.

तारीख सरकवता येत असेल तर पैसे वाचतात. शुक्रवार, रविवार, दिवाळीच्या आगेमागे आणि मे महिन्यात भाडं चढतं. मंगळवार-बुधवार बहुधा बरे. गूगल फ्लाइट्सवर महिन्याचं कॅलेंडर उघडलं की प्रत्येक तारखेखाली भाडं दिसतं. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला हाताशी घ्या, दहा मिनिटांत दाखवते. महिना-दीड महिना आधी बघायला सुरुवात करावी आणि तीन-चार दिवस वहीत आकडे टिपावेत. भाव कुठं हलतोय ते कळतं. त्याहून जास्त वाट पाहण्यात अर्थ नाही.

अडचण अशी की प्रदर्शनाचं निवडपत्र कधीकधी आठ-दहा दिवस आधी हातात पडतं. तोवर स्वस्त टप्पे गेलेले असतात. पत्राआधी तिकीट काढणं म्हणजे गटाचा पैसा धोक्यात घालणं, ते आम्ही कुणालाच सुचवत नाही. पत्र आलं की त्यात प्रवासखर्च कोण देणार, कोणत्या वर्गाचा देणार, हे आधी वाचा. रेल्वेचंच भाडं मिळणार असेल तर वरचा फरक कुणाच्या खिशातून जाणार, ते तिकीट काढायच्या आधी ठरलं पाहिजे, आल्यावर नाही.

आमच्या भागातल्या काही जणींनी एक मधला मार्ग काढला, तो आम्हाला सगळ्यात पटला. जाताना रेल्वे, येताना विमान. जाताना मालाची पोती असतात. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस जालन्याहून थेट दिल्लीला नेते. तिचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी १२० दिवस होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. येताना माल विकलेला, पिशव्या रिकाम्या, अंगात थकवा, आणि रानात बोंडं फुटलेली. तेव्हा वाचलेल्या दिवसाला किंमत आहे. बाईच्या एका दिवसाची मजुरी हिशोबात धरायची आपल्याला सवय नाही, पण विमान आणि रेल्वे यांची तुलना करताना ती धरलीच पाहिजे. नाहीतर रेल्वे नेहमीच स्वस्त दिसणार.

सामानाचा भाव तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे. देशातल्या विमानात साधारण १५ किलो सामान खाली पोटात टाकायला आणि ७ किलोची एक पिशवी हातात, एवढं तिकिटात येतं. त्याच्या वर प्रत्येक किलोला पैसे, आणि काउंटरवर ते जास्त पडतात. जादा वजन होणारच असेल तर आधी ऑनलाइन घ्यावं. मसाला विकणाऱ्या तायांनो, तिखट आणि मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही, ते खालच्या सामानात. विळी, कात्री, अडकित्ता हेही खाली. याउलट पॉवर बँक हातातल्या पिशवीतच हवी. वाळलं खोबरं मात्र खालच्या सामानात टाकू देत नाहीत, ते लवकर पेट घेतं म्हणून. काडेपेटी घरीच ठेवा.

तिकीट कुठून काढायचं? भाव कुठंही बघा, पण पैसे शक्यतो विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर भरा. कारण थेट काढलेल्या तिकिटाला नियमाचा आधार मिळतो. नावातली चूक चोवीस तासांत कळवली तर दुरुस्तीला पैसे घेता येत नाहीत. प्रवास सात दिवसांहून पुढं असेल तर पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दंडाशिवाय रद्दही करता येतं. एजंटकडून काढायचंच असेल तर मूळ भाडं किती, कर किती, तुझा चार्ज किती, हे कागदावर मागा. लेखापरीक्षणात तोच कागद लागतो.

पैसे भरायच्या पानावर घाई करू नका. पहिल्यांदा दिसलेले ४,३०० शेवटी ५,००० कसे होतात ते तिथंच कळतं. विमा, खिडकीजवळची जागा, जेवण, लवकर चढायची सोय, सगळ्याला आधीच टिचकी मारलेली असू शकते. एकेक काढा. जागा विकत घेतली नाही म्हणून उभं राहावं लागत नाही, चेक-इनला एक जागा मिळतेच. फक्त शेजारी-शेजारी मिळेल असं नाही, आणि दोन तासांसाठी ते चालतं. घरी प्रिंट काढता आली नाही तरी काउंटरवर बोर्डिंग पास काढून द्यायचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, असं सरकारनं २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

आता नाव. बायांचं घोडं इथंच अडतं. आधारवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, गटाच्या नोंदवहीत लाडाचं. तिकिटावर तेच नाव हवं जे दाखवायच्या ओळखपत्रावर आहे. आधार समोर ठेवून इंग्रजी अक्षर न अक्षर उतरवा. पहिल्या रकान्यात स्वतःचं आणि मधलं नाव, शेवटच्या रकान्यात आडनाव. साठीच्या पुढच्या ताईंना काही कंपन्या मूळ भाड्यात सवलत देतात. ती घेतली तर वयाचा पुरावा सोबत हवा.

आणि गटांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट: विमानाचं तिकीट दुसरीच्या नावावर होत नाही. रेल्वेत घरच्या माणसाच्या नावावर तरी करता येतं. इथं एकीची सासू आजारी पडली म्हणून तिच्या जागी दुसरी गेली, असं जमत नाही. म्हणून ठराव करताना जाणाऱ्या बाईच्या घरी विचारून या, मगच नाव लिहा. बचत खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष-सचिवांच्या सह्या लागतात आणि विमानाचं भाडं तासात बदलतं. तेव्हा आधी ठराव, मग कमाल रक्कम ठरवून पैसे काढणं, आणि मग तिकीट. कुणा एकीनं स्वतःच्या फोनवरून भरायचे असतील तर त्याची नोंद त्याच दिवशी इतिवृत्तात.

जाणं रद्दच झालं तर? स्वस्त तिकिटात मूळ भाडं बहुतेक बुडतं. पण विमानतळाचे शुल्क आणि कर परत मिळतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी आणि विमान चुकलं तरी. मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही. स्वस्त तिकिटात ही रक्कमही बऱ्यापैकी असते, सोडू नका. कंपनीनंच विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, निवड तुमची. ऐकलं नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते.

पैसे परत मागताना कंपनीचा नंबर गूगलवर शोधून फोन लावू नका. तिथं खोटे नंबर पेरलेले असतात. समोरचा गोड बोलून एखादं ॲप टाकायला सांगतो आणि खातं साफ करतो. नंबर तिकिटावरचाच घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर, तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त.

ज्या गटांची यंदा प्रदर्शनासाठी नावं गेली आहेत, त्यांनी पुढच्या मासिक बैठकीला जाणाऱ्या प्रत्येकीचं आधार आणि एक कोरी वही घेऊन यावं. मोबाईल एकच असला तरी चालेल. दिल्लीच्या दोन तारखा, चिकलठाणा आणि मुंबई, असे चार आकडे आपण तिथंच बसून लिहू.