पगार मालकाच्या दुसऱ्या धंद्यावर

गोव्यातला मोठा फुटबॉल तिकिटांच्या पैशावर कधी जगला नाही, तो मालकाच्या दुसऱ्या धंद्यावर जगला. डिचोलीच्या खाणींतला माल ट्रकने सारमानसच्या धक्क्यावर यायचा आणि बार्जमधून मांडवीमार्गे मुरगावला जायचा. याच व्यवसायातल्या घराण्यांनी डेम्पो आणि साळगावकर हे संघ पोसले; डेम्पोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवले, साळगावकरने दोनदा. गोव्याच्या पोरांना फुटबॉलवर घर चालवता आले, याचे श्रेय या मालकांना द्यायलाच हवे. पण ज्याचा पगार मालकाच्या वेगळ्याच गणितावर ठरतो, तो खेळाडू कामगारच आहे, आणि कामगाराचे संरक्षण मात्र त्याला नाही.

गोव्यातल्या २०१२ च्या खाणबंदीनेच हे संघ खाली बसले, असे सरसकट म्हणता येणार नाही. डेम्पोंनी खाणी २००९ मध्येच सेझा गोवा या कंपनीला विकल्या होत्या आणि त्यानंतरही दोन विजेतेपदे जिंकली. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरचे स्थान द्यायचे ठरवले म्हणून. हे मान्य केले तरी प्रश्न उरतोच: निर्णय मालकांचा आणि महासंघाचा, रोजगार गेला खेळाडूंचा. खाणींवर जगणारे इतर लोक मात्र एकत्र येऊन भांडू शकतात. मार्च २०१८ मध्ये खाणी पुन्हा थांबल्या तेव्हा खाण अवलंबितांनी पणजीचे रस्ते अडवले. ट्रकमालकांच्या संघटना भाड्याच्या दरासाठी सरकारशी भांडतात. फुटबॉलपटूंची देशपातळीवरची संघटना २००६ पासून आहे, पण लीगशी सामूहिक वेतनकरार आजही नाही.

आता पैसा बदलला आहे. आयएसएलमधल्या एफसी गोवाच्या मालकांपैकी जयदेव मोदी हे कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पचे प्रमुख. याच कंपनीचा धारगळचा नियोजित प्रकल्प पेडणे तालुक्यात वादाचा विषय झाला आहे. धंदा नवा असला तरी खेळाडूची जागा तीच आहे. महासंघाने २०१० मध्ये केलेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा व्यापारी करार संपत आला आणि जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा हंगामच लटकला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडूंचे पगार बेमुदत थांबवले. लाखांत कमावणाऱ्यांना कामगार कसे म्हणायचे, असे कुणी विचारेल. पण लाखांत कमावणारे मूठभर असतात, पस्तिशीच्या आसपास सगळ्यांचेच खेळणे संपते, आणि गुडघा गेला तर त्याआधीच. स्पेनमध्ये खेळाडूंची संघटना लीगशी सामूहिक करार करते, तिथले पगारही मोठेच आहेत. इथेही पुढचा व्यापारी करार होताना त्या टेबलावर खेळाडूंचा प्रतिनिधी बसला पाहिजे, आणि हंगामाचे काही महिन्यांचे पगार प्रत्येक क्लबने आधीच बँकेत हमी म्हणून ठेवले पाहिजेत.